चेफालूला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिसिलीतल्या चेफालूहून परत आल्यापासून मला त्याबद्दल जे काही विचारलं गेलं ते सगळं एकत्र करून ठेवतेय. दोनदा गेलेय, एकदा मे महिन्यात आई-बाबांना घेऊन आणि एकदा सप्टेंबरमध्ये. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे खाली. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ असेल तिथं नंबर दिलाय.

१. चेफालू नक्की कुठे आहे? आणि सेफालू म्हणायचं की चेफालू?

चेफालू, आणि जोर शेवटच्या 'लू'वर. इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट आहे, त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, पालेर्मोच्या पूर्वेला. ग्रीक लोक याला केफालॉइडिओन म्हणायचे, केफाले म्हणजे डोकं, कारण गावाच्या मागे एक भलामोठा खडक डोकं वर काढून उभा आहे. समुद्र, त्याला चिकटलेलं गाव, गावाच्या डोक्यावर खडक आणि त्याच्यामागे मादोनिए नावाचे डोंगर, असं सगळं एका ओळीत आहे. ग्रीक, रोमन, बायझंटाइन (म्हणजे पूर्वेकडचं ग्रीक बोलणारं रोमन साम्राज्य), मग ८५८ मध्ये अरब, मग फ्रान्सकडून आलेले नॉर्मन, सगळे इथे येऊन राहून गेले.

२. व्हिसा कुठला लागतो?

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच), शॉर्ट स्टे. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे, ६ ते ११ वर्षांच्या मुलांची ४५. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. इथं बरेच जण एक चूक करतात, विमान रोमला उतरतंय म्हणून इटलीकडे अर्ज करतात आणि राहणार असतात जास्त दिवस फ्रान्समध्ये. ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तरच पहिला उतरायचा देश बघतात.

३. मुंबईहून कसं पोचायचं?

पालेर्मोला थेट विमान नाही, रोम किंवा मिलानला किंवा मध्ये कुठंतरी बदलावं लागतं. पालेर्मो एअरपोर्ट शहराच्या पश्चिमेला साधारण ३५ किलोमीटरवर आहे आणि चेफालू पूर्वेला, म्हणजे शहर ओलांडूनच जायचं. एअरपोर्टच्या खालूनच ट्रेन मिळते, तासाभरात पालेर्मो सेंट्रल, तिथून दुसरी ट्रेन, ती साधारण पाऊण ते एक तास. विमान रात्री उशिरा उतरत असेल तर त्या रात्री पालेर्मोलाच थांबा, बॅगा घेऊन धावत शेवटची ट्रेन पकडायच्या भानगडीत पडू नका.

वेळ असेल तर माझा आवडता मार्ग वेगळा आहे. रोमहून रात्रीची ट्रेन घ्या. इटलीच्या टोकाला विला सान जोवान्नीला गेल्यावर ती ट्रेन डबे तोडून चक्क बोटीत चढवतात, मेसिनाची सामुद्रधुनी पार होते आणि पलीकडे परत रुळांवर. तुम्ही बर्थवरून उठून बोटीच्या डेकवर जाऊन पहाटेचा समुद्र बघू शकता. पुढे ही गाडी सिसिलीच्या उत्तर किनाऱ्याने पालेर्मोकडे जाते आणि चेफालूला थांबते.

४. पालेर्मोहून एका दिवसात होईल ना? की राहायलाच हवं?

होईल, पण करू नका. सकाळी साडेदहाच्या ट्रेनने सगळे येतात, चर्च, बीच, आइस्क्रीम, पाचला परत. मधल्या वेळात गल्ल्या इतक्या भरतात की तुम्ही गाव बघतच नाही, माणसांच्या पाठी बघता. हे गाव संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी नवाच्या आधी गावातल्या लोकांचं असतं, तेव्हा म्हातारे चर्चसमोरच्या चौकात बाकावर बसतात, कोळी जुन्या बंदराकडे जाळी आवरत असतात. किमान तीन रात्री धरा, एक दिवस गाव आणि समुद्र, एक दिवस खडक आणि म्युझियम, एक दिवस डोंगर. डोंगराचा दिवस सगळ्यात आधी कापला जातो आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं, का ते १३ आणि १४ मध्ये वाचा. अगदीच एक दिवस असेल तर शेवटचा प्रश्न बघा.

५. कुठल्या महिन्यात जावं?

मे, जूनचा पहिला अर्धा, नाहीतर सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. एक लक्षात ठेवा, आपलं डोकं पावसाळा म्हणजे जून असं चालतं, तिकडे बरोबर उलटं आहे. उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाऊस मुख्यतः हिवाळ्यात. त्यामुळे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे डोंगर हिरवे आणि फुलांनी भरलेले असतात, पण समुद्र गार. सप्टेंबरमध्ये डोंगर वाळलेले पण पाणी कोमट. दोन्ही नाही मिळत एकदम. पोहायचं असेल तर सप्टेंबर, चालायचं असेल तर मे. ऑगस्टमध्ये सगळी इटली सुट्टीवर असते, रूमचे भाव आणि गर्दी दोन्ही वर, तरीही ऑगस्टच हवा असेल तर १७ बघा.

६. कॅथेड्रलमध्ये एवढं काय आहे? युरोपातली चर्चेस बघून कंटाळा आलाय.

हे नक्की बघा, हात जोडून सांगते. सिसिलीचा नॉर्मन राजा रॉजर दुसरा याने ११३१ मध्ये बांधायला घेतलं. गोष्ट अशी सांगतात की तो वादळात सापडला, वाचलो तर देऊळ बांधीन असा नवस बोलला आणि ६ ऑगस्टला इथल्या किनाऱ्याला सुखरूप लागला. नवस खरा की खोटा ते सोडा, पण बाहेरून बघाल तर ती वास्तू देवळासारखी कमी आणि किल्ल्यासारखी जास्त दिसते, दोन दणकट मनोरे, आणि नीट बघा, दोन्ही मनोरे वरच्या टोकाला एकसारखे नाहीत.

आत गेल्यावर मोठा दिवाणखाना साधा दिसतो, लोक इथेच निराश होऊन वळतात. सरळ पुढे जा. टोकाच्या अर्धगोलात सोनेरी मोझॅइक आहे, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेलं चित्र, त्यात कमरेपर्यंतचा ख्रिस्त, एक हात आशीर्वादाला आणि दुसऱ्या हातात उघडं पुस्तक. हे काम बायझंटाइन कारागिरांचं आणि तिथल्या लेखात साल ११४८ आहे. पुस्तकाच्या एका पानावर ग्रीक आणि दुसऱ्यावर लॅटिन, मजकूर एकच, 'मी जगाचा प्रकाश आहे'. कपाळावर केसांच्या एक-दोन बटा सुटून आल्यात, एवढ्या भव्य चित्रात ती बट बघून मला एकदम माणूस दिसला. आता मान वर करा, छताच्या लाकडी तुळयांवर जी रंगीत चित्रं आहेत ती इस्लामी धाटणीची आहेत. म्हणजे फ्रान्सकडून आलेल्या घराण्याचा राजा, ग्रीक कारागीर, अरबी शैली, लॅटिन प्रार्थना, सगळं एका छपराखाली. याच कारणाने २०१५ मध्ये पालेर्मोच्या अरब-नॉर्मन वास्तूंबरोबर हे युनेस्कोच्या यादीत गेलं.

रॉजरला स्वतःला इथेच पुरायचं होतं, त्यासाठी जांभळट पोर्फिरी दगडाच्या दोन शवपेट्या त्याने इथे ठेवल्या होत्या. त्याला पुरलं पालेर्मोत, आणि पुढे १२१५ मध्ये त्याचा नातू फ्रेडरिक दुसरा याने त्या पेट्याही पालेर्मोला नेल्या.

मुख्य चर्चमध्ये तिकीट नाही, मनोरे आणि मागचं अंगण बघायला आहे. खिडक्यांच्या आधुनिक रंगीत काचांवरून गावात वाद होता असं ऐकलं, मला त्या आवडल्या.

७. शॉर्ट्स, स्लीव्हलेस चालतात का?

गावात हो, चर्चमध्ये नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पर्समध्ये एक ओढणी ठेवा, काम भागतं. आणि बीचवरून थेट स्विमसूटवर गावातल्या गल्ल्यांतून जाऊ नका, तिथं लोक राहतात.

८. तो मागचा खडक चढता येतो का? किती वेळ लागतो?

येतो, आणि चढाच. ला रोका म्हणतात, उंची साधारण २७० मीटर. आकडा लहान वाटतो पण समुद्रसपाटीपासून सरळ वर आहे त्यामुळे दम निघतो, सिंहगड नेहमी चढणाऱ्यांना काही नाही. मुख्य रस्ता कोर्सो रुज्जेरो, त्यावरून सालिता सराचेनी नावाच्या पायऱ्या वर जातात, मग फाटकाशी थोडं तिकीट आहे. आधी दातेरी तटबंदी लागते, मग निम्म्या वाटेवर 'डायनाचं देऊळ' म्हणून ओळखली जाणारी जागा, प्रचंड मोठे दगड, चुना न लावता एकावर एक बसवलेले, आणि आत एक पाण्याचं टाकं जे देवळाहूनही कितीतरी जुनं आहे. आपल्या गडांवरची टाकी आठवतात ना, तसंच, वर राहायचं तर आधी पाणी. अगदी माथ्यावर मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष आहेत. खाली लाल कौलं, मधोमध कॅथेड्रल, पलीकडे समुद्र, आणि हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर एओलियन बेटं.

माथ्यापर्यंत जाऊन परत यायला आरामात अडीच तास धरा. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुपारी वर सावली जवळजवळ नाहीये. दगड चुनखडीचा आहे आणि शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालाय, चपला-सँडल अजिबात नको. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर फाटक बंद ठेवतात, त्यामुळे हे पहिल्याच दिवशी उरकून टाका, शेवटच्या दिवसावर ठेवलं आणि पाऊस आला तर गेलं.

९. ताई, आई-बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना झेपेल का?

रोका माथ्यापर्यंत नाही. माझे बाबा तटबंदीपर्यंत आले आणि तिथेच बसले, तेवढंही पुष्कळ आहे. बाकी गाव झेपतं. स्टेशनपासून जुनं गाव चालत दहाएक मिनिटं, कोर्सो रुज्जेरोला हलका चढ आहे. धोका फरशीचा, गल्ल्यांतला दगड घासून चकचकीत झालाय आणि ओला झाला की घसरतो, रबरी सोलचे बूट घ्या. घर भाड्याने घेताना कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का हे विचारूनच घ्या, जुन्या गावात बहुतेक ठिकाणी अरुंद दगडी जिनेच असतात. आम्ही हे विचारलं नव्हतं आणि आईने पाच दिवस रोज तीन मजले चढले.

१०. फोटोत दिसतं ते धुणं धुवायचं कुंड कुठंय?

विया वित्तोरिओ इमानुएलेवर, लावातोयो म्हणतात. रस्त्यावरून कळतही नाही, काळ्या लाव्हाच्या दगडाच्या वळणदार पायऱ्या खाली उतरतात आणि एकदम गारवा लागतो. भिंतीतल्या लोखंडी तोट्यांमधून, त्यातल्या बऱ्याच सिंहमुखी, चेफालिनो नदीचं पाणी दगडी कुंडांमध्ये पडतं आणि तिथून समुद्राला जातं. कुंडाच्या कडेला कपडे घासायचे तिरके दगड तसेच आहेत. दाराशी शिलालेख आहे, त्यात लिहिलंय की चेफालिनो चांदीहून शुद्ध आणि बर्फाहून थंड. कोणा अप्सरेच्या पश्चात्तापाच्या अश्रूंपासून ही नदी झाली अशीही कथा आहे.

लोक दोन मिनिटांत फोटो काढून जातात. आई मात्र अर्धा तास बसली, म्हणाली आमच्या वाड्याच्या मागे ओढ्यावर असेच दगड होते, हात लावल्यावर कळतं कोणता धुण्याचा. इथं नुसतं बसून पाण्याचा आवाज ऐका. प्रवेश फुकट आहे.

११. बीच कसा आहे? पोहता न येणाऱ्यांना चालेल?

गावाला लागूनच वाळूचा लांब बीच आहे आणि पाणी बरंच आत जाईपर्यंत उथळ, लहान मुलांना छान. काही भाग खाजगी लीदो आहेत, तिथे छत्री-खुर्चीचे पैसे, बाकी मोकळा. पलीकडच्या बाजूला काल्दुरा खडकाळ आहे, पाणी तिथे जास्त स्वच्छ पण पोहता येणाऱ्यांसाठीच. लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊ नका. कधीकधी जेलीफिश येतात, आधी लाइफगार्डला विचारा.

१२. आम्ही शाकाहारी, काय खायचं? जैन जेवण मिळेल का?

शाकाहारींची चैन आहे, फक्त चार ठिकाणी फसायला होतं. बिनधास्त खा: पास्ता आल्ला नोर्मा, म्हणजे वांगं-टोमॅटो आणि वर खारट रिकोटा. कापोनाता, वांग्याची आंबटगोड भाजी, माझ्यासाठी तर ती भाताबरोबर हवी होती. पानेल्ले, बेसनाच्या तळलेल्या वड्या पावात घालून, पालेर्मोकडचं वडापाव समजा. सकाळी ब्रियोश नावाच्या मऊ गोड पावाबरोबर बदामाचा किंवा लिंबाचा ग्रानिता, म्हणजे सरबताचा बर्फाळ चुरा.

आता फसायची ठिकाणं. 'आल बुर्रो' लिहिलेलं आरांचीना (भाताचा सारण भरून तळलेला गोळा) म्हणजे लोण्याचं, असं वाटून घेतात, त्यात बहुतेक वेळा हॅम असतं. स्फिंचोने नावाचा जाड पिझ्झा नुसता कांदा-टोमॅटोचा दिसतो पण त्यात अँचोवी मासा असतो. कान्नोली म्हणजे रिकोटा भरलेली गोड तळलेली नळी, तिच्या कवचात परंपरेने डुकराची चरबी वापरतात, 'स्त्रुत्तो?' एवढं विचारा, तेलातले पण मिळतात. आणि चीज, पार्मिजानोत नियमानेच वासराचं रेनेट (दूध फाडायला जनावराच्या पोटातून काढतात ते) वापरतात, सिसिलीच्या पेकोरिनोत कोकराचं. हे तुम्हाला चालत नसेल तर 'सेन्झा फोर्माज्जो' म्हणा.

जैन जेवण असं वेगळं मिळत नाही. 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला' म्हणजे लसूण-कांदा नको, हे कागदावर लिहून दाखवलं की साधा टोमॅटो पास्ता आनंदाने करून देतात, पण तयार सॉसमध्ये कांदा आधीच असतो त्यामुळे 'ताजा करा' हेही सांगा. किचन असलेलं घर घेतलं तर बाजारातली भाजी बघून तुम्हीच स्वयंपाकाला लागाल.

जेवणाच्या वेळा पक्क्या आहेत, दुपारी साधारण साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळात किचन बंद. बिलात 'कोपेर्तो' दिसलं तर फसवणूक नाही, बसण्याचा-पावाचा आकार आहे तो.

१३. डोंगरात जायचं म्हणता, तिथं आहे काय?

मादोनिए. १९८९ पासून संरक्षित पार्क, शिवाय युनेस्कोचं जिओपार्क. सगळ्यात उंच पिझ्झो कार्बोनारा १,९७९ मीटर, सिसिलीत एटना ज्वालामुखीनंतर दुसरा. हिवाळ्यात इथं बर्फ पडतं, पिआनो बत्तालियाला लोक स्कीइंग करतात, आणि तासाभर खाली समुद्र. डोंगर चुनखडीचा असल्यामुळे पाऊस आणि बर्फाचं पाणी वर टिकत नाही, खडकात मुरतं आणि खाली झऱ्यांनी बाहेर येतं. हे कळलं की खालच्या कोरड्या किनाऱ्यावर माणसं हजारो वर्षं कशी राहिली ते कळतं.

इथं एक झाड आहे, नेब्रोदी फर, आबिएस नेब्रोडेन्सिस. जगात नैसर्गिकरीत्या फक्त याच डोंगरात उरलंय आणि मोठी झाडं उरलीत साधारण तीस. तीस! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते नामशेष झालं असंच धरून चालले होते, १९५७ मध्ये परत सापडलं. पोलित्सी जेनेरोझाच्या बाजूच्या दरीत ती झाडं आहेत. वाट सोडून आत जाऊ नका, मुळांजवळची माती तुडवली गेली तर रोपं उगवत नाहीत. पिआनो पोमोला होलीची (काटेरी पानांचं सदाहरित झाड) प्रचंड जुनी झाडं आहेत, नेहमी झुडूप असणारी होली तिथं १५ मीटरपर्यंत गेलीय, आत शिरलं की देवराईत आल्यासारखं वाटतं.

गाडी नसेल तर चेफालू स्टेशनहून कास्तेलबुओनो गावाला बस आहे. रविवारी आणि सुट्टीला फार कमी बस असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. आणि 'कास्तेलबुओनो' नावाच्या रेल्वे स्टेशनवर उतरू नका! ते खाली समुद्राकडे आहे, गाव बरंच लांब डोंगरात.

१४. तो झाडातून निघणारा मान्ना म्हणजे काय?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. कास्तेलबुओनो आणि पोल्लिना या दोनच गावांच्या आसपास अजून ही शेती होते. फ्रासिनो (इंग्रजीत अ‍ॅश) जातीच्या झाडाच्या सालीला जुलै ते सप्टेंबरमध्ये आडवा छेद देतात, रस पाझरतो, उन्हाने वाळून पांढरा होतो, मेणबत्तीच्या ओघळासारखा. तोच मान्ना. चव मंद गोड. औषधात वापरतात ते मॅनिटॉल हे नाव यावरूनच आलं. पाऊस आला की झाडावरचा मान्ना धुऊन जातो, म्हणून शेतकरी त्या दोन-तीन महिन्यांत आकाशाकडे डोळे लावून असतो, फक्त आपल्या उलट, पाऊस येऊ नये म्हणून. हे काम करणारी माणसं आता थोडी आणि वयस्कर आहेत. विकत घ्यायचा असेल तर गावातूनच घ्या. एकदम खूप खाऊ नका, पोट साफ करणारा आहे.

१५. मान्द्रालिस्का म्युझियम करावं का?

एका चित्रासाठी करावं. आन्तोनेल्लो दा मेसिनाने पंधराव्या शतकात काढलेलं अनोळखी माणसाचं चित्र, वहीच्या पानाएवढं. तो असा काही हसतो की खोलीत तुम्ही कुठंही जा, आपलं काहीतरी त्याला माहितीये असं वाटतं. ते हसणं सहन न होऊन एका मुलीने त्याच्या तोंडावर ओरखडे काढले अशी गोष्ट सांगतात. बॅरन मान्द्रालिस्काचा शिंपल्यांचा मोठा संग्रह आणि मासेविक्या रंगवलेलं ग्रीक भांडंही इथंच.

१६. गाडी भाड्याने घेऊ का?

फक्त डोंगराच्या दिवसासाठी. भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. जुन्या गावात झेडटीएल म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग असतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भारतात घरी येतो. मॅप म्हणतो म्हणून आत शिरू नका, गावाबाहेर लावा.

१७. ६ ऑगस्टला तिथं असू, काय असतं?

मग तुमचं नशीब. सान साल्वातोरेचा, म्हणजे तारणहार ख्रिस्ताचा उत्सव, ६ मध्ये सांगितलेली रॉजरची तारीख तीच. जुन्या बंदरात 'न्तिन्ना आ मारी' होते, समुद्रावर आडवा लांब खांब, त्याला साबण-चरबी चोपडलेली, टोकाला झेंडा, कोळ्यांची पोरं त्यावरून पळत जाऊन झेंडा काढायचा प्रयत्न करतात आणि धपाधप पाण्यात पडतात. जागा धरायला लवकर जा. १४ ऑगस्टच्या रात्री मादोन्ना देल्ला लूचेची, म्हणजे मेरी मातेची मूर्ती बोटींतून मिरवतात. रूम मात्र कितीतरी महिने आधी बुक करा.

१८. ट्रेनचं तिकीट काढूनही दंड का होतो? आणि संप असेल तर?

कागदी रीजनल तिकीट चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशिनमध्ये पंच करावं लागतं, मोबाइलवरच्या रीजनल तिकिटाचं चेक-इन करावं लागतं. नाही केलं तर तिकीट असून नसल्यासारखं. संपाला 'शोपेरो' म्हणतात, तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ रीजनल गाड्यांची किमान सेवा ठेवतात. विमान पकडायचं असेल तर त्या वेळेतच निघा.

१९. जुलैमध्ये वणव्यांच्या बातम्या बघितल्या, जावं का?

शिरोक्को म्हणजे आफ्रिकेकडून येणारा गरम वारा सुटला की धोका वाढतो. जुलै २०२३ मध्ये तर पालेर्मो एअरपोर्टही आगीमुळे काही तास बंद होता. गावात सहसा प्रश्न नसतो, पण त्या दिवशी डोंगरात आणि रोकावर जाऊ नका, समुद्राकडेच राहा. आणि वाळलेल्या गवतात सिगरेट टाकणारा सोबत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा, १३ मधली ती तीस झाडं याच डोंगरात आहेत.

२०. खरंच एकच दिवस आहे, काय करू?

पालेर्मोहून सकाळची पहिली शक्य ती ट्रेन. उतरून थेट रोका, डायनाच्या देवळापर्यंतच. खाली येऊन कॅथेड्रल, जास्त वेळ मोझॅइकसमोर. दुपारी पानेल्ले नाहीतर नोर्मा. ऊन चढलं की लावातोयोच्या पायऱ्यांवर बसा. चारनंतर पोर्ता पेस्कारा, जुन्या तटाचा उरलेला दरवाजा, त्याच्या कमानीतून थेट समुद्र दिसतो. मग जुन्या बंदरात पाण्यात पाय सोडून बसा, आणि परतीचं तिकीट पाचचं न काढता आठच्या सुमाराचं काढा.